आजोळचे रान

भाऊबीजेला मामा आले, ते नेहमीप्रमाणे सायकलवर. कृष्णाकाठच्या त्यांच्या वसाहतीपासून किर्लोस्करवाडीपर्यंतचा रस्ता काही जवळचा नव्हे. एस. टी. होती, शेजाऱ्यांची मोटारसायकल होती. परंतु मामांचे म्हणणे असे, की बहिणीच्या घरी घाम गाळून गेले म्हणजे पाटावर ताठ मानेने बसता येते.

सायकलवरून येणाऱ्या पाहुण्याचे किर्लोस्करवाडीने खरे तर कौतुकच करायला हवे. हे गाव एका अर्थी सायकलीच्या चाकावरूनच येथे आले आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात आपल्या भावासह जो व्यवसाय मांडला, तो सायकली विकण्याचा, त्या दुरुस्त करण्याचा आणि लोकांना त्या चालवायला शिकवण्याचा. त्याच वर्षी तिकडे आयर्लंडात डनलॉप नावाच्या एका पशुवैद्याने हवा भरलेल्या रबरी धावेचे पेटंट मिळविले. आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला खडबडीत रस्त्यावर बसणारे हिसके त्याला पाहवले नव्हते. बेळगावच्या सायकलींमागून लोखंडी नांगर आले, आणि १९१० साली औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या निवडुंगाच्या माळावर कारखाना उभा राहिला. त्या माळाची आज किर्लोस्करवाडी झाली आहे.

मामांचा बारा वर्षांचा भाचा त्या दिवशी जरा रुसलेला होता. शाळेत 'माझे आजोळ' या विषयावर निबंध लिहावयाचा होता. वर्गातील इतर मुलांच्या आजोळी विहिरी होत्या, आंबराया होत्या, पडवीत बांधलेले बैल होते. त्याच्या आजोळी मात्र सरळ आखलेले रस्ते आणि क्रमांक घातलेली घरे, एवढेच होते. तेथे सारे काही होते. फक्त जुने असे काही नव्हते.

"ते तुझे आजोळ नव्हेच," मामा म्हणाले. "ती वसाहत आहे. तुझे आजोळ चांदोलीच्या रानात आहे."

आईने हे यापूर्वी कधी सांगितले नव्हते असे नाही. पण त्या दिवशी ते मुलाच्या मनात नीट उतरले. वारणा नदीवर चांदोलीचे धरण झाले तेव्हा काही गावे पाण्याखाली गेली. जी पाण्याच्या वर उरली, तीही पुढे वन्य प्राण्यांसाठी राखलेल्या जंगलातून हलविण्यात आली. चांदोलीचे अभयारण्य १९८५ साली झाले आणि २००४ साली त्याचे राष्ट्रीय उद्यान झाले. मामांचे गाव या दुसऱ्या प्रकारातले. गाव सोडले तेव्हा मामा चौदा वर्षांचे होते, आणि मुलाची आई आठ.

"मग आपण तेथे जाऊ या," मुलगा म्हणाला. "सायकलवर."

मामांनी बहिणीकडे पाहिले. तिने फराळाचा डबा भरावयास घेतला, हाच तिचा होकार होता. निघताना तिने मुलाला दोन कामे सांगितली. "परसात एक जांभूळ होते. ते आहे का, तेवढे पाहून ये. आणि अंगणातली चिमूटभर माती आण. तुळशीत घालीन."

दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वी दोन सायकली अंगणात उभ्या होत्या. मामांनी चाकांत हवा भरली, चेनला तेल दिले, ब्रेक दाबून पाहिले. पिशवीत ठिगळे, सोल्यूशनची नळी, कानस आणि दोन पाने घेतली. मुलाच्या मते या साऱ्या तयारीत वेळ फुकट जात होता.

कुंडल मागे पडले. कार्तिकातील सकाळ होती. दोन्ही बाजूंना ऊस उभा होता आणि तोडणीला नुकतीच सुरुवात झाली होती. दोन दोन गाड्या जोडलेले ट्रॅक्टर खडखडत अंगावरून गेल्यासारखे जात, आणि मुलाची सायकल भीतीने आपोआप खडीत उतरे. "हँडल सैल धर," मामा मागून सांगत. "घट्ट धरलेस की तेही घाबरते."

देवराष्ट्राच्या शिवारात डोंगर दिसू लागला. यशवंतराव चव्हाणांचा जन्म १९१३ साली याच देवराष्ट्रात झाला. डोंगराच्या कुशीत सागरेश्वराचे देऊळ आहे आणि त्याच्याभोवती लहान लहान देवळांचा मेळा आहे. घाटाचा चढ लागला तेव्हा दोघेही खाली उतरले. उतारावर माणूस सायकलीवर बसतो आणि चढावर सायकल माणसावर बसते, असे मामा म्हणाले. पण मुलाला हसण्याइतका दम उरला नव्हता.

वर पोचल्यावर मुलाला आश्चर्य वाटले ते झाडांचे. खाली सारा ऊस आणि येथे हे दाट रान. ते देवाने दिलेले असावे, असेच कोणाही प्रवाशाला वाटेल. प्रत्यक्षात हा डोंगर एके काळी उघडाबोडका होता. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, आसपासच्या गावांचे आणि वनखात्याचे हात लागले, माळावर खड्डे पडले, रोपे लागली आणि चराई थांबली. मग सांबरे आणि चितळे आणून सोडण्यात आली. १९८५ साली सागरेश्वर अभयारण्य जाहीर झाले. त्याचा विस्तार अवघा सुमारे ११ चौरस किलोमीटर. पण माणसांनी हाताने लावलेले अभयारण्य म्हणून त्याचे नाव दूरवर गेले आहे. रानात वाढलेली हरणे पुढे कुंपण ओलांडून लोकांच्या शेतात शिरू लागली, हीही गोष्ट खरी. ज्यांचे पीक जाते त्यांना रानाचे कौतुक ऐकवणे सोपे नसते.

"येथे माणसांनी रान आणले," मुलगा म्हणाला. "आणि आपल्या गावात?"

मामांनी उत्तर दिले नाही. ते देवळापुढच्या नळावर बाटली भरीत होते.

तो मुक्काम कऱ्हाडला झाला. संध्याकाळी दोघे प्रीतिसंगमावर जाऊन बसले. कृष्णा आणि कोयना येथे समोरासमोर येऊन मिळतात. एरवी नद्या एकमेकींना अशा भेटत नाहीत. कोयना येते ती महाबळेश्वराहून, सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडील घनदाट जंगलांच्या पायथ्यापायथ्याने. तेथे कोयनेचे अभयारण्य आहे. त्याच्या दक्षिणेला डोंगराची सोंड धरून गेले की चांदोली लागते. ही दोन्ही जंगले मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याचे क्षेत्र सुमारे १,१६५ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे ज्या रानाकडे दोघे निघाले होते, त्याच्या शेजारचे पाणी आधीच त्यांच्या पायांशी येऊन पोचले होते. मुलगा मात्र पाण्यात पाय सोडून पोटऱ्या चोळीत होता.

दुसरा दिवस कठीण गेला. कऱ्हाडहून उंडाळ्याचा रस्ता धरला. दोन्ही बाजूंचे डोंगर हळूहळू जवळ येऊ लागले, ऊस विरळ झाला आणि भाताची खाचरे दिसू लागली. उंडाळ्याच्या पुढे मुलाच्या मागच्या चाकातून सुस्कारा निघाला आणि सायकल फरफटू लागली.

सुदैवाने जवळच एक टपरी होती. बाहेर टांगलेल्या जुन्या टायरवरून ती कशाची हे कळत होते. आतला म्हातारा न बोलता उठला. त्याने चाक आडवे केले, पान्याने टायर उचकटला, ट्यूब बाहेर ओढली, तीत हवा भरली आणि घमेल्यातील पाण्यात ती थोडी थोडी बुडवीत गेला. एके ठिकाणी बुडबुड्यांची माळ वर आली. त्याने तेथे बोट ठेवले, ट्यूब पुसली, कानस घासली, सोल्यूशन लावले आणि ते वाळेपर्यंत प्रथमच मान वर केली.

"पाव्हणं, कुठल्या बाजूला?"

"चांदोलीला."

"धरान बघायला?"

मामांनी आपल्या गावाचे नाव सांगितले. म्हाताऱ्याचे हात थांबले. त्या गावात त्याची थोरली बहीण दिली होती. मग बराच वेळ दोघे माणसांची नावे घेत राहिले. कोण कोणत्या वसाहतीत गेले, कोणाला जमीन मिळाली, कोणाला मिळण्यास किती वर्षे लागली, कोण वाट पाहता पाहता गेले. मुलाला त्यातील एकही नाव ठाऊक नव्हते. ट्यूब केव्हाच सुकली होती. शेवटी म्हाताऱ्याने ठिगळ दाबले, चाक बसवले आणि पैसे घेण्यास नकार दिला. "माहेरच्या वाटेचं पंक्चर," तो म्हणाला, "त्याचं काय घ्यायचं?"

मोटारीने गेले असते तर ही टपरी कोणाच्या लक्षातही आली नसती.

त्यानंतर डोंगराची रांग ओलांडून दोघे वारणेच्या खोऱ्यात उतरले. सातारा जिल्हा संपून सांगली जिल्हा पुन्हा लागला. कोकरूडच्या पुढे नदी डावीकडे सोबत करीत होती. नदीपलीकडे कोल्हापूर जिल्हा. जसजसे पश्चिमेकडे जावे, तसतसे डोंगर उंच होत जातात आणि आभाळ अरुंद होते. आरळ्याला मामांच्या ओळखीच्या घरी ते पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. मुलगा जेवता जेवताच झोपला.

तिसऱ्या दिवशी सकाळी चांदोलीचे धरण दिसले. मातीच्या त्या लांबच लांब बांधामागे वसंतसागर जलाशय शांत पसरला होता. यात ३४ टी. एम. सी.हून अधिक पाणी मावते. एक टी. एम. सी. म्हणजे शंभर कोटी घनफूट. मुलाने मनात गुणाकार करून पाहिला आणि सोडून दिला. वाटेत जो ऊस, जी खाचरे लागली, त्यांतील कितीतरी याच पाण्यावर उभी होती. मामांच्या वसाहतीलाही वारणेच्या पाण्याचा आधार होता. ज्या पाण्याने मुलूख रिकामा केला, त्याच पाण्यावर त्यांचा नवा संसार चालला होता. या गोष्टीचा विचार करू लागले म्हणजे राग कोणावर धरावा हेच कळेनासे होते.

मुलाच्या डोळ्यांपुढे मात्र एकच चित्र होते. झाडांच्या कमानीखालून जाणारी लाल वाट, आणि तीवरून घंटी न वाजवता, झाडांशी बोलत जाणाऱ्या दोन सायकली.

नाक्यावर वनरक्षकाने हात आडवा केला. "सायकली येथेच ठेवायच्या. आत गाडीने, आणि सोबत वाटाड्या घेऊन जायचे."

मुलगा मामांकडे पाहत राहिला. तीन दिवस पायडल मारून आल्यावर हे ऐकायचे! "तुम्हाला ठाऊक होते?" त्याने विचारले. मामांना ठाऊक होते. "तुला आधी सांगितले असते, तर तू इथपर्यंत आला असतास का?" मुलाने उत्तर दिले नाही. त्याचे डोळे भरले होते, आणि मामांची ही चतुराई त्याला त्या घटकेला तरी आवडली नव्हती.

"बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात तर सायकल चालते," तो हट्टाने म्हणाला. त्याने तसे वाचले होते, आणि ते खरेही होते. तेथे सायकली भाड्याने मिळतात. राजस्थानात भरतपूरच्या पक्ष्यांच्या उद्यानातही लोक सायकलीवरून हिंडतात.

वनरक्षक रागावला नाही. तो चौकीच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "तुझ्या सायकलीचा आवाज होतो का?"

"नाही."

"तेच तर कारण. गाडी लांबून ऐकू येते. जनावर बाजूला होते. तुझी सायकल वळणावर अचानक गव्याच्या पुढ्यात जाईल. गवा हजार किलोपर्यंत भरतो. तो दचकला तर तुलाच शिंगावर घेईल. अस्वलाचे तर विचारूच नकोस. ते पाठीवर पिल्ले घेऊन चाललेले असते, त्याला वाटते हा पोरांवरच आला. चूक ना तुझी, ना त्याची."

सायकलीचा जो गुण मुलाला सर्वांत प्रिय होता, तोच येथे आड आला. त्याने निमूटपणे सायकल भिंतीला टेकवली आणि कुलूप लावले.

सांगलीच्या एका कुटुंबाबरोबर दोघे जीपमध्ये बसले. सोबतचा वाटाड्या जवळच्याच गावचा तरुण होता. रान सुरू झाले आणि बोलणे आपोआप हळू झाले. जांभूळ, हिरडा, अंजनी, ऐन. मामांना झाडे ओळखू येत होती, आणि वाटाड्याने नाव सांगण्यापूर्वी त्यांचे ओठ हलत. एका उंच झाडावरून शेकरू पलीकडच्या झाडावर झेपावली. तिची तांबूस, झुपकेदार शेपटी क्षणभर उन्हात पेटल्यासारखी दिसली. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी. मुलाने तिला आजवर फक्त चित्रात पाहिले होते.

चांदोलीचे राष्ट्रीय उद्यान सुमारे ३१७ चौरस किलोमीटरांचे आहे, आणि ते सांगली, सातारा, कोल्हापूर व रत्नागिरी या चार जिल्ह्यांत पसरले आहे. त्याच्या पश्चिम कड्यावर प्रचितगड उभा आहे. त्याच्या पलीकडे जमीन एकदम तुटते आणि खाली कोकण दिसते. २०१२ साली पश्चिम घाटाची जागतिक वारसास्थळांत गणना झाली, तेव्हा महाराष्ट्रातील ज्या चार जागा निवडण्यात आल्या, त्यांत कास पठार, कोयना व राधानगरी यांच्याबरोबर चांदोलीही होती. २०१८ साली तर येथे झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यात पट्टेरी वाघाचे छायाचित्र मिळाले. वाटाड्याने हे सांगताच जीपमधील सर्वांनी दोन्ही बाजूंना माना वळविल्या. वाघ अर्थातच दिसला नाही. पाहुण्यांच्या सोयीने दिसावयाचा त्याचा स्वभाव नाही.

वाटेत 'जनीचा आंबा' या नावाची जागा लागली. पुढे झोळंबीचा सडा. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरील जांभ्या दगडाचे सपाट पठार. पावसाळ्यात तेथे इवल्या फुलांचे गालिचे पसरतात; आता गवत वाळून सोनेरी झाले होते. "या रानात जिकडेतिकडे माणसांचीच नावे कशी?" मुलाने विचारले.

"माणसे राहत होती म्हणून," मामा म्हणाले.

सड्यावरून परतताना जीप एका वळणावर मंद झाली. मामांनी वाटाड्याच्या खांद्यावर हात ठेवला. "येथे जरा थांबवा."

प्रथम मुलाला काहीच दिसले नाही. मग झुडपांतून दगडी जोती दिसू लागली. एक, दोन, चार. एका जोत्याच्या मधोमध झाड वाढले होते. एका उंबऱ्याचा दगड तसाच होता. त्याच्या अलीकडेही रान आणि पलीकडेही रान. जरा वरच्या अंगाला तुळशीवृंदावन कलले होते. त्याच्यामागे, परसाच्या जागी, एक भले मोठे जांभूळ उभे होते, आणि त्याच्याभोवती त्याचीच कितीतरी रोपे दाटीने वर आली होती.

"ते आपले," मामा म्हणाले.

मुलाने खिशातून कागदाची पुडी काढली आणि तो दाराकडे सरकला. त्याच क्षणी वाटाड्याने त्याचे मनगट धरले. वृंदावनाच्या बाजूची एक काळी सावली हलली होती. ती सावली नव्हती. गवा होता. काळेभोर, तुकतुकीत अंग, गुडघ्यापासून खाली पांढरे पाय, जणू मोजे घातलेले. त्याच्यामागे आणखी दोन गाई आणि एक तांबूस वासरू. सारी घराच्या अंगणात उभी होती. थोरल्या गव्याने मान उचलून जीपकडे पाहिले. त्याच्या पाहण्यात राग नव्हता. दारात आलेल्या परक्या माणसाकडे घरधन्याने पाहावे तसे ते पाहणे होते.

कोणी खाली उतरले नाही. उतरता आलेच नसते; आणि रानातील मातीची चिमूटसुद्धा बाहेर न्यायची नसते, असे वाटाड्या नंतर म्हणाला. मामांनी बसल्या जागेवरूनच वृंदावनाला हात जोडले. वासरू आईला ढुशी देत पिऊ लागले. बराच वेळ गेला. मग गवे संथपणे वळले आणि जोत्यांच्या मधून, जेथे पूर्वी गल्ली असावी तेथून, रानात उतरून गेले.

"गोठा त्याच बाजूला होता," मामा म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. पण त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि पुसून झाल्यावरही बराच वेळ तो हातातच ठेवला.

नाक्यावर सायकली जशा ठेवल्या होत्या तशाच उभ्या होत्या. मुलाच्या सीटवर एक पिवळे पान पडले होते. त्याने ते उचलले, क्षणभर हातात धरले आणि कुंपणाच्या आत टाकले. परतीचा रस्ता पुष्कळसा उताराचा होता, आणि उताराच्या रस्त्यावर सांगण्यासारखे फारसे घडत नाही.

घरी आई दारातच होती. तिने आधी मुलाचे रापलेले तोंड पाहिले, मग त्याचे रिकामे हात.

"माती आणता आली नाही," मुलगा म्हणाला. "जांभूळ आहे. खूप मोठे झाले आहे. खाली रोपेच रोपे आहेत. आणि आई, आपल्या अंगणात गवे होते. चार. एक वासरू होते."

आई उंबऱ्यावर बसली. थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग तिने विचारले, "आणि खालच्या झऱ्याला पाणी आहे का रे अजून? गुरांना तेथेच नेत होतो आम्ही."

झरा त्याने पाहिला नव्हता. तो आठवू लागला. मग एकदम त्याचा चेहरा उजळला.

"असणार," तो म्हणाला. "त्यांची तोंडे ओली होती."